काळ जाणा

माझी सासू बनुबाई भांडखोर होती, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायची आमच्या आळीत रीत आहे, पण मला ती जमत नाही. ती माझ्याशी भांडायची, चर्चच्या पाळकसाहेबांशी भांडायची, एकदा चावडीवर जाऊन पाटलाशी भांडून आली होती. आणि तरी तिच्यासारखं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. तिच्यामुळं मी तग धरला, आणि तिच्यामुळंच माझी ऐन उमेदीची वर्षं वाट बघण्यात गेली. दोन्ही खरं आहे.

आम्ही तासगावाकडच्या एका खेड्यातले, गावाबाहेरच्या ख्रिस्ती आळीतले. बनुबाई मिशनची बायबलबाई होती. म्हणजे काय, तर गावोगाव पायी फिरायचं, बायका खुरपायला बसल्या असतील तिथं बांधावर बसायचं आणि शास्त्र वाचून दाखवायचं. नवरा साथीत गेला तेव्हा सयाजी, म्हणजे माझा नवरा, तिच्या पोटात होता. पुढं तिशी ओलांडल्यावर एका मडमेनं तिला वाचायला शिकवलं. इतर बायबलबाया आंधळ्याला दिसलं, लंगडा चालला, असल्या गोष्टी सांगायच्या. हिला ते पोरखेळ वाटे. हिचा सगळा जीव दानीएलात आणि प्रकटीकरणात, बायबलातल्या भविष्यवाण्यांच्या पुस्तकांत. चार डोक्यांचा चित्ता, दहा शिंगांचा पशू, समुद्रातून वर येणारी श्वापदं. बायका खुरपं थांबवून तोंडाकडं बघत राहायच्या.

"बनुबाई, ह्यो दहा शिंगांचा पशू म्हंजी काय गं?"

"पशू म्हंजी राज्य. शिंग म्हंजी राजा."

"आन् त्यो पाण्यातनं का येतोय? म्हस हाय व्हय?"

"गप बस. पाणी म्हंजी लोकांची गर्दी. आन् हे मी माज्या पदरचं सांगत न्हाई. त्याच पुस्तकात म्होरं लिवलंय. शास्त्राचा अर्थ शास्त्रालाच इचारायचा असतो, शेजारणीला न्हाई."

तिची वाचायची पद्धत तिची तिनंच काढलेली. जुन्या लुगड्याचं सूत काढून ती पानांत धागे घालायची. पशूंचा धागा तांबडा, पाण्याचा निळा, काळाचा पांढरा. दानीएलात 'काळ, दोन काळ आणि अर्धा काळ' आलं की पांढरा धागा धरून ती प्रकटीकरणावर जायची. तिथं एका जागी बेचाळीस महिने, दुसऱ्या जागी बाराशे साठ दिवस. "बघ, तिन्ही एकच. काळ म्हंजी वरीस. साडेतीन वर्सं." मग आणखी एक धागा, यहेज्केलाच्या पुस्तकावर. तिथं देव संदेष्ट्याला सांगतो की एका वर्षाबद्दल एक दिवस धर. "म्हंजी भविष्यवाणीतला दिवस हा आपला दिवस न्हाई. त्यो वरीस असतो. हे इसरलं की मानूस फसला." पाळकसाहेब वाईच्या बाजूचे, चांगले शिकलेले. त्यांनाही ती प्रवचनानंतर गाठून असे धागे दाखवायची आणि ते घड्याळ बघायचे.

एक नियम मात्र तिनं कधी मोडला नाही. भविष्यवाणी राज्यांची असते, घरची नसते. एकदा एका बाईनं विचारलं, माझी चुकलेली म्हैस कधी सापडेल ते तुझ्या पुस्तकात बघ की. बनुबाईनं तिला बांधावरून असं काही झापलं की बाई रडायला लागली. "देवाचं पुस्तक हाय, कुडमुड्या जोशाचं पंचांग न्हाई," म्हणाली. मला तेव्हा तिचा अभिमान वाटला होता. अजूनही त्या गोष्टीपुरता वाटतो.

आमचं लग्न चाळीस सालच्या मे महिन्यात झालं. सयाजी फार हसरा होता. सासूनं पुस्तक उघडलं की हा चुलीजवळून ओरडायचा, "आई, तुज्या पशूला वैरण किती लागती गं?" ती काठी उगारायची. दहा महिने मी त्या घरात हसले, तेवढंच. एकेचाळीसच्या मार्चात तो सैन्याच्या इस्पितळात जखमी उचलायच्या कामावर भरती झाला. गावातले निम्मे तरुण पलटणीत होते, त्यात नवल काही नव्हतं. मलायातून तीन पत्रं आली. मग बेचाळीसच्या फेब्रुवारीची पंधरा तारीख, रविवार, त्या दिवशी सिंगापूर जपान्यांच्या हातात पडलं. पावसाळ्यात एक सरकारी कागद आला. त्यावर लिहिलं होतं, बेपत्ता.

बेपत्ता हा शब्द किती वाईट आहे, हे ज्याच्या घरी आला त्यालाच विचारा. मेला म्हटलं तर माणूस ऊर बडवून मोकळं होतं. बेपत्ता म्हटल्यावर काय करायचं? ताट वाढून ठेवायचं की नाही? मी एकवीस वर्षांची होते. माझा भाऊ जोतीराम न्यायला आला. म्हणाला, चल, इथं काय म्हातारीबरोबर झिजणार हायस? मी गेले नाही. गेले असते तर सयाजी मेला असं मी म्हटल्यासारखं झालं असतं.

दीड वर्ष असं गेलं. काहीच नाही. मग चव्वेचाळीसच्या जानेवारीत एक कार्ड आलं. मळकं, कडा झिजलेल्या, वर जपानी शिक्के. आत इंग्रजी अक्षरं, पण भाषा पलटणीतली हिंदुस्थानी. मला ती अक्षरं नीट येत नव्हती. म्हणून आम्ही कोंडीबा हवालदाराकडं पळालो. हा पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेला पेन्शनर. त्यानं चष्मा पुसला, कार्ड उन्हात धरलं आणि एकेक अक्षर लावून वाचलं. मैं अच्छा हूं. माँ को सलाम. अंजना को सलाम. आणि खाली शेवटची ओळ.

"के, ए, एल. जे, ए, एन, ए. कल जाना." कोंडीबा म्हणाला.

"म्हंजी?" बनुबाईनं विचारलं.

"कल म्हंजी उद्या. न्हाईतर मग काल."

"उद्या का काल?"

"दोन्ही. त्या भाषेत दोन्हीला कलच म्हनत्यात."

"उद्या आन् काल एकच? असली कुठली येड्याची भाषा! माजं पोरगं असलं बोलायचं न्हाई. दे हिकडं." तिनं कार्ड हिसकावून घेतलं. "परत म्हन अक्षरं."

कोंडीबानं पुन्हा म्हटली. बनुबाई ओठांतल्या ओठांत पुटपुटली आणि तिचा चेहरा असा उजळला की मला धडकी भरली.

"अंजना," ती म्हणाली, "इंग्रजीत आपला ळ हाय का?"

"न्हाई."

"ण हाय का?"

"त्योबी न्हाई."

"मग हे कल जाना न्हाई गं. काळ जाणा! त्यानं मराठीत लिवलंय. जपान्याला कळू नये म्हनून दोन शब्दांत लिवलंय. लहानपनापास्नं माज्या तोंडून ऐकलंय त्यानं. आई, काळ जाण. म्हंजी दानीएल उघड!"

कोंडीबा माझ्याकडं बघत होता. मी त्याच्याकडं बघितलं नाही. तो बरोबर सांगत असणार, हे मला त्याच क्षणी ठाऊक होतं. पण 'उद्या जायचं' याला काय धरून राहायचं? कुठं जायचं, कुणी जायचं? 'काळ जाणा' म्हटलं की निदान तो आमच्याशी बोलतो आहे, हसतो आहे, आईला चिडवतो आहे असं वाटत होतं. मी म्हणाले, "व्हय, काळ जाणाच असंल." ही चूक तिच्याइतकी माझीही आहे.

घरी येऊन तिनं पांढरा धागा धरला. सिंगापूर पडलं त्या दिवसापासून एक काळ, दोन काळ आणि अर्धा काळ. पंचेचाळीस सालचा ऑगस्ट, तारीख पंधरा. त्या दिवशी बंदिवास संपणार. मी गप्प बसायला हवं होतं, पण माझी जीभ कधी गप्प बसली आहे?

"आत्याबाई, तुमीच म्हनत हुता, भविष्यवाणी घरची नसती. आन् त्यातला दिवस म्हंजी वरीस असतो. मग ही साडेतीन वर्सं आपली कशी धरायची? त्याचं तर बाराशे साठ वर्सं हुत्यात."

तिनं पुस्तक धाडकन मिटलं. मग ओरडली. "मग काय करू? बाराशे वर्सं थांबू? सांग की, बाराशे वर्सं थांबू व्हय मी?"

पुन्हा मी तो विषय काढला नाही. आणि मीसुद्धा दिवस मोजायला लागले. सकाळी डोळे उघडले की आधी उरलेला आकडा मनात यायचा, मग सयाजी. पुढं पुढं तर नुसता आकडाच यायचा. सयाजीचा आवाज आठवेना म्हणून एके दिवशी मी विहिरीवर जीव तोडून रडले. आजूबाजूला चळवळीची धामधूम चालली होती, तारा तुटत होत्या, पोलीस येत होते. आमच्या घराला त्यातलं काही शिवलं नाही. आम्ही दोघी एका तारखेला लटकून होतो.

आणि ती तारीख खरी निघाली! पंचेचाळीसच्या ऑगस्टची पंधरा, बुधवार. कोंडीबा चावडीवरून धापा टाकत आला. "बनुबाई, जपान बसलं! लढाई सपली! आगं तुज्याच दिवशी!" मी तिथंच चिखलात बसले. बनुबाई गुडघे टेकून मोठ्यानं प्रार्थना करत होती आणि मध्येच हसत होती. पाळकसाहेब स्वतः घरी आले, पुस्तकातले धागे बघून गेले. त्या दिवशी त्यांनी घड्याळ बघितलं नाही.

दोन दिवसांत गावभर झालं. ज्यांची मुलं लढाईवर त्या बाया आळीत यायला लागल्या. त्यात मनुबाई आली. ही पाटलाच्या भावकीतली, ऊसवाली, मोठ्या घरची. आजवर बनुबाई तिच्या दारी गेली तर ही अंगणात उभी करून वरून पाणी ओतायची. ती आमच्या घरात येऊन जमिनीवर बसली. तिचा भाऊसो मराठा पलटणीत होता. आफ्रिकेच्या वाळवंटात बेचाळीसच्या जूनमध्ये, एकवीस तारखेला, दिसेनासा झाला होता. तीच चिठ्ठी, तोच शब्द. बेपत्ता.

"बनुबाई, माज्या भाऊसोचा काळ सांग."

मी मागून खुणा करत होते, नका सांगू म्हणून. बनुबाईनं बोटांवर मोजलं आणि सांगितलं, "डिसेंबरची एकवीस." मनुबाई तिच्या पाया पडली. आमच्या घरात, मातीत डोकं टेकून. ती गेल्यावर मी फार बोलले. म्हशीवाल्या बाईला रडवलंत ती तुम्हीच का, असंही बोलले. "तिचं पोरगं आन् म्हस सारखीच का गं?" एवढंच ती म्हणाली. तिला त्या दिवसांत कुणाचंही काही ऐकू येत नव्हतं.

सयाजी काही लगेच येणार नव्हता. त्यालाही तिनं पुस्तकातून वाट काढली. दानीएलात शेवटी बाराशे नव्वद दिवस आहेत, मग तेराशे पस्तीस. मधलं अंतर पंचेचाळीस दिवस. तेवढे आगबोटीला लागणारच. एकोणतीस सप्टेंबरला आम्ही भिलवडी स्टेशनावर जाऊन बसलो. सोबत भाकरी आणि त्याला आवडायची ती शेंगदाण्याची चटणी. गाड्या आल्या, शिपाई उतरले, त्यांच्या बाया त्यांच्या गळ्यात पडल्या. आम्ही तीन दिवस बसलो. भाकरी वाळून कडक झाल्या. तिसऱ्या दिवशी स्टेशनमास्तर म्हणाला, बाई, आता जा घरी. बनुबाई त्याच्याशी भांडली नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मग नुसती धागाधागी सुरू झाली. तेवीसशे दिवस घेऊन बघ, सत्तर आठवडे घेऊन बघ. सिंगापूरपासून नको, शेवटच्या पत्रापासून धरू. कार्डाच्या शिक्क्यापासून धरू. पांढरं सूत संपलं तर तिनं पदर फाडला. जेवण नाही, फिरती नाही. मी पुस्तक लपवलं तर माझा हात पिरगाळून तिनं ते काढून घेतलं. मी रागानं म्हणाले, "पुस्तकात न्हाई तुमचा सयाजी!" ती म्हणाली, "मग कुठं हाय? तूच सांग कुठं हाय."

नोव्हेंबरात एक अनोळखी माणूस दारात उभा राहिला. हाडांचा सापळा, अंगावर सरकारी कोट. जतकडचा धनगर, नाव गुंडा. सयाजीबरोबर त्याच इस्पितळात होता, कैदेतही बरोबर. बनुबाईनं त्याला काही विचारलं नाही. आधी कार्ड काढून पुढं धरलं.

"हे बघ. पोचलं आमाला. काळ जाणा म्हनून त्यानं खूण केली हुती. मला कळली बघ खूण."

गुंडानं कार्ड बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "अव्वा, ही खूण न्हाई," तो हळूच म्हणाला. "कल जाना. उद्या जायाचं हाय. दुसऱ्या दिशी आमाला बोटीत घालून लांबच्या बेटावर न्यायचं हुतं. कार्डं दिली, पर लिवायचं काय ते कुनाला सुचंना. मग एका बाबूनं फळ्यावर लिवून दिलं आन् समद्यांनी त्येच उतरवलं. माज्याबी कार्डावर त्येच हाय. जाऊन बघा."

"समद्यांच्या?"

"दीडशे जनांच्या. मला ताप चढला म्हनून मला मागं ठिवलं. बोट दुसऱ्या दिशी गेली. वाटंत वरनं इमानांनी बाम टाकलं. आपल्याच इमानांनी, अव्वा. त्यांना काय ठावं आत कोन हाय. दोघं पवून निघालं, त्यांनी सांगितलं. सयाजी खालच्या मजल्यावर हुता."

त्रेचाळीसचा मे महिना होता तो. म्हणजे ते कार्ड आमच्या हातात पडलं तेव्हाच त्याला जाऊन आठ महिने झाले होते. आम्ही मोजलेला एकूण एक दिवस मेलेल्या माणसासाठी मोजला होता. मी किंचाळले की नाही, आठवत नाही. गुंडा माझ्या हातातला तांब्या काढून घेत होता, एवढं आठवतं. बनुबाईनं त्याला जेवायला वाढलं, तो जेवेपर्यंत त्याच्यासमोर बसून राहिली आणि त्याला वेशीपर्यंत पोचवून आली.

पंधरा दिवस ती अंथरुणातून उठली नाही. डिसेंबर लागला तशी एका सकाळी उठून लुगडं नेसली. म्हणाली, "मनुबाईला सांगाय पायजे. एकवीस जवळ आली. मी माज्यासारखं तिला बसवलंय."

मनुबाईच्या अंगणात भाऊसोची खोली सारवून काढली होती. नवी घोंगडी वाळत घातली होती. बनुबाई अंगणात थांबायला लागली, तर मनुबाईनं हाताला धरून तिला सोप्यावर बसवलं. बनुबाईनं एका दमात सगळं सांगितलं. कार्ड काय होतं, दिवस कसा काढला, पोरगं कधी गेलं. "मी चुकले. मी देवाचं पुस्तक माज्या पोटच्या पोरासाठी वाचलं. तुजी तारीख खोटी हाय. ती इसर."

मनुबाई ऐकत होती. मग तिनं बनुबाईचे दोन्ही हात धरले. "तुज्या पोराचा हिशोब चुकला, माज्या भाऊसोचा कशाला चुकंल?"

"आगं, तसं न्हाई..."

"बरं, एकवीस न्हाई तर न्हाई. दुसरा दिवस काढ. लांबचा काढ, मी थांबते. पर दिवस सांग गं! माज्यानं बिनतारखेचं न्हाई जगवत. त्याचा बा बोलत न्हाई, सून माहेरला गेली, मी ह्या खोलीत बसून काय करू? तुज्या पाया पडते, बनुबाई, कुठलातरी सांग!"

ती खरंच पाया पडली, तिच्या स्वतःच्या सोप्यावर, घरातल्या बायाबापड्यांच्या देखत. बनुबाईनं ओठ घट्ट मिटले होते. ती नाही म्हणून मान हलवत होती, आणि मनुबाई तिचे पाय सोडत नव्हती. आणि मी, जिनं त्या धाग्यांवरून घर डोक्यावर घेतलं होतं, ती मी बोलले.

"पाडव्याला, मनुआत्या. पाडव्याला येईल भाऊसो."

मनुबाईनं वर बघितलं. डोळे पुसले. "पाडव्याला," ती म्हणाली, आणि उठून आम्हाला गूळ-पाणी आणायला आत गेली.

परतीच्या वाटेवर उसाच्या गाड्या चालल्या होत्या. आम्ही कडेकडेनं चाललो होतो. मला वाटलं, आता ती मला मारणार. चालता चालता तिनं विचारलं, "पाडवा कुठल्या अध्यायात सापडला तुला?"

"कुठल्याच न्हाई."

"माजाबी त्यातलाच हुता," ती म्हणाली, आणि रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसली. गाडीवाले बैल थांबवून बघत होते, आणि ती सयाजीच्या नावानं हंबरडा फोडत होती. मी तिच्याजवळ बसले. तिला धरून मीही त्याचं नाव घेतलं.